निरोगी गटातला मेंदू

सर, काल तुमचा मुलगा मलकपेठेत माझ्या घरी येऊन गेला. फोन न करता आला, तेव्हाच काम अडचणीचं असणार हे मला कळलं. पाणी घेतलं, चहा नको म्हणाला आणि पंख्याकडे बघत म्हणाला, "ताई, ते चित्र वर्गात दाखवायचं आता बंद करा ना." कुठलं चित्र, मी विचारलं. माहीत असून विचारलं. समोरच्याला पुरतं वाक्य बोलायला लावायची तुमची सवय मला लागली आहे. "पप्पांच्या मेंदूचं. एमआरआयचं," तो म्हणाला. त्याची मुलगी यंदा आमच्या कॉलेजात एमबीबीएसला लागली आहे. सोमवारी तिच्या बॅचला मी मेंदूचे आजार शिकवायला सुरुवात करणार आणि दरवर्षीप्रमाणे पहिल्याच तासाला तुमचा मेंदू पडद्यावर येणार. तुमचं नाव मी घेत नाही. 'एक निवृत्त शिक्षक, वय सत्तरच्या पुढे' एवढंच सांगते. पण पहिलं चित्र बाजूने घेतलेलं आहे. त्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याची सगळी रेघ दिसते, आणि तुमचा फोटो कॉलेजच्या जिन्यात लावलेला आहे. "ते नाक अख्ख्या गौलीगुड्यात आमच्याच घरी आहे, ताई," तो म्हणाला. "सीनिअर पोरं तिला सांगतील, हे तुझे आजोबा, येडे झाले होते म्हणून." मी म्हटलं, "येडे नव्हते झाले, आजारी होते. हा फरक तुझ्या मुलीला शिकवायचाच मी पगार घेते." त्यावर तो उठला. "पप्पांना काही झालं नव्हतं. वय झालं होतं फक्त." तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तो अजून त्याच वाक्यावर आहे. मी नाही म्हणून सांगितलं. चित्र दाखवणार. जिना उतरताना तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता, ते मी ऐकू न आल्यासारखं केलं.

तुम्हीही मला एकदा असंच जिना उतरायला लावलं होतं. पण त्याआधीचं सांगते. मी पहिल्या वर्षाला होते, वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, घरात डॉक्टर सोडा, बारावी झालेलंही कुणी नाही. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे आणि तुम्ही इंग्रजीत शिकवता शिकवता मध्येच माझ्याकडे वळून मराठीत विचारायचा, "कळलं का, की नुसती मान हलवतेस?" मेंदू कापायच्या दिवशी तुमचा एक नियम असायचा. फॉर्मॅलिनमध्ये घट्ट झालेला, खरवसासारखा दिसणारा मेंदू ट्रेमध्ये ठेवायचा. ज्याच्या हातात सुरी, त्याने आधी तो नुसता बोटांनी चाचपायचा, कागद घ्यायचा, आत काय सापडेल असं वाटतं ते लिहायचं, खाली सही करायची. मगच कापायचं. एकदा मी आधी कापलं, आतली रक्ताची जुनी गाठ बघितली आणि मग ऐटीत लिहिलं. तुम्ही तो कागद सगळ्यांसमोर फाडलात. "बघितल्यावर सगळेच शहाणे असतात, बाई. न बघता काय वाटलं ते लिही. चुकलीस तर चुकलीस, पण आधी लिही." सगळा वर्ग हसला. मी रडले नाही. पुढच्या आठवड्यात आधी लिहिलं आणि चुकलं. तो कागद मात्र तुम्ही फाडला नाहीत, तारीख घालून परत दिलात.

पुढे मी तुमच्याच विभागात शिकवायला लागले आणि तुमचं माझं भांडण सुरू झालं ते यंत्रावरून. मला जिवंत माणसाचा मेंदू बघायचा होता. तुम्हाला ते हास्यास्पद वाटायचं. "चुंबकात माणूस घालून सावल्या बघायच्या आणि त्याला शरीररचनाशास्त्र म्हणायचं. हाताला काय लागलं ते सांग." मी म्हणायचे, तुमच्या ट्रेमधला मेंदू एकदाच बोलतो, आणि तेही माणूस गेल्यावर. माझ्या यंत्रात झोपलेला माणूस अर्ध्या तासाने उठून घरी जेवायला जातो, दोन वर्षांनी पुन्हा येतो, आणि मधल्या काळात आत काय बदललं ते मी मोजते. "मोज, मोज," तुम्ही म्हणायचा. निवृत्तीच्या दिवशी तुम्ही तुमची लांब सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलीत. "यंत्र बिघडलं की वापर." विभागातले सगळे हसले, मीही हसले, आणि मनात ठरवलं की हे हसणं एक दिवस परत करायचं.

माझा एमआरआयचा अभ्यास मंजूर झाला तेव्हा मला दोन गट हवे होते. एक विसरायला लागलेल्या म्हाताऱ्यांचा, एक त्याच वयाच्या निरोगी म्हाताऱ्यांचा. पहिला गट लगेच जमला. निरोगी मिळेनात, कारण निरोगी माणूस कशाला दवाखान्यात येईल? मग मी आपल्याच निवृत्त शिक्षकांना फोन लावले. यांच्यापेक्षा तल्लख माणसं हैदराबादेत कुठे मिळणार, असा मला तेव्हा गर्व होता. माझी चूक इथे झाली. आमच्यासारख्यांनाच ती होऊ शकते. स्मरणशक्तीच्या चाचणीत घड्याळ काढायला सांगतात. तुम्ही आयुष्यभर दोन्ही हातांनी फळ्यावर मेंदू काढलेला माणूस. शब्दांची यादी पाठ म्हणायला सांगतात. तुम्ही ती चाचणी विद्यार्थ्यांना शिकवलेली. तुम्ही सगळ्यात पास झालात आणि मी तुम्हाला निरोगी गटात टाकलं.

यंत्राच्या खोलीबाहेर तुम्ही घड्याळ, अंगठी, कवळी काढून ट्रेमध्ये ठेवता आहात. कवळीशिवाय तुमचा चेहरा एकदम लहान दिसतो आहे. तंत्रज्ञ तुमच्या कानांत बोळे घालतो आहे आणि तुम्ही त्याला सोडत नाही. "क्या मियाँ, इस डब्बे में डालके मेरा दिमाग उबालते क्या तुम?" तो म्हणतो, "नै सर, सिरफ फोटू लेते. हिलो नक्को बस." "फोटू में अक्कल दिखती क्या?" "अक्कल नै दिखती सर, भेजा दिखता." तुम्ही बोळक्या तोंडाने इतके हसता की डोक्याभोवतीचा यंत्राचा पिंजरा त्याला पुन्हा बसवावा लागतो. मग यंत्र ठोकायला लागतं आणि काचेपलीकडे मला फक्त तुमचे पाय दिसतात, पांढऱ्या मोज्यांतले, अगदी स्थिर. पंचवीस मिनिटं तुम्ही हलला नाहीत. इतकी स्वच्छ चित्रं त्या अभ्यासात दुसऱ्या कुणाची आली नाहीत.

मोजणी कशी करायचे ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आज सांगते. मोजणाऱ्याला नाव दिसत नाही, फक्त क्रमांक. कुठला माणूस कुठल्या गटातला हेही माहीत नसतं. मेंदूच्या तळाशी, कानाच्या आतल्या अंगाला, करंगळीएवढा वाकडा भाग असतो, हिप्पोकॅम्पस. तुम्हीच आम्हाला तो शिकवला. नवी आठवण आधी तिथे उतरते. एकेका कापातली त्याची कड मी पडद्यावर माउसने रेखायची, सगळ्या कापांतल्या जागेची बेरीज करायची, आणि क्रमांकापुढे माझा अंदाज लिहायचा, निरोगी की रोगी. हा शेवटचा रकाना कुणी सांगितलेला नव्हता. तो मी घातला होता, तुमच्यामुळे. एका क्रमांकाच्या दोन्ही बाजू वाळलेल्या होत्या. शेजारची पाण्याची काळी फट रुंदावलेली. मी लिहिलं 'रोगी', सही केली आणि पुढचा क्रमांक उघडला. गट उघड केले त्या दिवशी तो क्रमांक तुमचा निघाला. मी सहकाऱ्याला न सांगता मोजायला लावलं. त्याचंही तेच आलं. एकट्या चित्रावरून निदान होत नाही, हे मलाही कळतं. पण मग मी इतर गोष्टी आठवायला बसले. तुमच्या घरी काकू म्हणाल्या होत्या की तुम्ही भाजी आणायला जाता आणि रिकाम्या हाताने परत येता. गोष्टी सांगायचा त्याच त्या, आणि आम्ही म्हणायचो, सरांचा स्वभावच तसा.

मी रविवारी सकाळी गौलीगुड्याला आले. काकूंनी खिचडी-खट्टा केला होता, स्वयंपाकघरात टेबलावर तुमची ताटली अर्धी झाली होती. "एक सांगायचंय, सर." "सांग की. या वयात लग्नबिग्न ठरलं काय?" काकू म्हणाल्या, "अहो, तिला बसू तर द्या." मी फिल्म तुमच्या हातात दिली. तुम्ही ती खिडकीकडे धरलीत, मान मागे नेऊन, अंगठा त्या भागावर ठेवून. यंत्राच्या चित्राकडे तुम्ही इतक्या मन लावून बघताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "दोन्हीकडे वाळलंय. गेलं हे," तुम्ही म्हणालात. "बिचारा. आहे कोण?" मी म्हटलं, "तुम्हीच, सर." आणि लगेच पुढे म्हटलं, "नाव न बघता लिहिलं होतं मी. सही करून." काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला. तुम्ही फिल्म ताटलीशेजारी ठेवलीत, नीट, पाठ वर करून. म्हणालात, "बाहेर हो." मी चपला घातल्या आणि जिना उतरले.

त्यानंतर वर्षभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. विभागात सगळे मला बोल लावत होते. इतक्या मोठ्या माणसाला असं तोंडावर सांगतात का, आधी मुलाला सांगायचं, हळू सांगायचं, नाहीतर सांगायचंच नाही. सर, मी तेव्हा कुणाचं ऐकलं नाही आणि आजही ऐकत नाही. तुम्ही सही केलेल्या संमतीच्या अर्जात मीच एक ओळ घातली होती की काही आढळलं तर भाग घेणाऱ्याला सांगू. भाग घेणाऱ्याला. त्याच्या मुलाला नव्हे. ज्या माणसाने मला मेंदू म्हणजे काय ते शिकवलं, त्याच्या मेंदूबद्दल त्याच्या पाठीमागे कुजबुजायचं, याला मी आदर म्हणत नाही. तुम्हाला तुमचं घर, तुमची बँक, तुमची पुस्तकं यांचं काय ते ठरवायला दोन-तीन चांगली वर्षं मिळाली, ती मी सांगितलं म्हणून. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन.

आणि तुम्ही आलात. एका दुपारी मलकपेठेत माझ्याकडे, रिक्षाने एकटे, पुढे दिलसुखनगरपर्यंत जाऊन परत फिरून, दोनदा रस्ता चुकून. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. खिशातून कागद काढलात, तुमच्या हाताने लिहिलेला, अक्षर अजून सरळ होतं. त्यात लिहिलं होतं, माझ्या मेंदूची चित्रं विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरावीत, नाव घालू नये, आणि माझ्यामागे देह विभागाला द्यावा. "मग कापून बघ," तुम्ही म्हणालात, "आणि आधी लिही." मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय सापडेल?" तुम्ही खूप वेळ खिडकीबाहेर बघत राहिलात. मला वाटलं प्रश्न विसरलात. मग म्हणालात, "तू म्हणतेस तेच सापडेल. पण हाताला लागल्याशिवाय मी मानणार नाही." पुढे तुम्ही वारलात तेव्हा मी तो कागद घेऊन तुमच्या घरी आले होते. तुमच्या मुलाने तो वाचलासुद्धा नाही. "आमच्यात असं करत नाहीत, ताई." काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्याकडे मी बघितलं, त्यांनी मान खाली घातली. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. माझ्या हाताला काहीच लागलं नाही. उरलं ते सावल्यांचं चित्र, ज्याला तुम्ही आयुष्यभर हसलात.

म्हणून ते दाखवते मी. दरवर्षी. तुमचा मुलगा म्हणतो बदनामी. फुप्फुसाचा फोटो दाखवला तर कुणाची बदनामी होत नाही, मोडलेल्या हाडाचा दाखवला तर होत नाही, मग मेंदूनेच काय पाप केलंय? ज्या घरात आजाराला 'वय झालं' म्हणतात, त्या घरात म्हातारा माणूस भाजी आणायला जाऊन हरवतो आणि वर बोलणी खातो. माझ्या वर्गातली दीडशे पोरं उद्या असल्याच घरांत जाणार आहेत. त्यांना हे चित्र ओळखता आलं पाहिजे, आणि ओळखल्यावर तोंड उघडता आलं पाहिजे. बाजूच्या चित्रातून चेहरा मात्र मी आज पुसून टाकला. संगणकावर दोन मिनिटांचं काम, इतक्या वर्षांत केलं नाही. नाव नको असं तुम्ही लिहिलं होतंत, आणि ते नाक म्हणजे नावच आहे. एवढं तुमच्या मुलाचं बरोबर होतं. बाकीचं नाही.

आज दुपारी तुमची नात विभागात आली. दार न वाजवता अर्धी आत, अर्धी बाहेर. "मॅम, पप्पा काल तुमच्याकडे आले होते ना? बोलले नाहीत काही, पण दुसऱ्याचीच चप्पल घालून घरी आले. कोणाची आहे माहीत नाही." माझ्या शेजाऱ्याची होती, तो सकाळपासून शोधत होता. मी तिला बसायला सांगितलं. "तो स्कॅन लेक्चरमधून काढू नका हां मॅम, प्लीज. सीनिअर्सनी ऑलरेडी सांगितलंय. माझं नाक बघूनच कळतं म्हणे. कळू दे की, काय होतंय?" मी म्हटलं, काढणार नव्हतेच. ती हसली. घरी आजोबांचा विषय निघत नाही, म्हणाली. आजी कधीतरी एकदा बोलली होती की मॅमनी किचनमध्ये येऊन सांगितलं. "खरंच आजोबांनी स्वतःच स्वतःचा स्कॅन वाचला? सगळे सांगतात तसं?" हो, मी म्हटलं. "सांगताना तुम्हाला खूप वाईट वाटलं असेल ना, मॅम?" मी हो म्हणाले. ती थँक्यू म्हणून गेली आणि मी दार लावून हे लिहायला बसले.

वाईट वाटलं, पण नंतर. तुमचा क्रमांक उघडला तेव्हा मला पहिल्यांदा जे झालं ते दुःख नव्हतं, सर. जिंकल्यासारखं झालं होतं. तुम्ही हसत होता त्या यंत्राने तुम्हालाच गाठलं होतं. सरांनी स्वतःचं निदान स्वतः केलं, ही गोष्ट विभागात इतकी वर्षं कौतुकाने सांगतात, आणि मी सांगू देते. फिल्मच्या कोपऱ्यात तुमचं नाव छापलेलं होतं. त्या रविवारी निघण्यापूर्वी मी माझ्या स्वयंपाकघरातल्या कात्रीने तो कोपरा कापून टाकला. तुम्ही नाव न बघता वाचावं, आपल्या तोंडाने 'गेलं हे' म्हणावं, आणि मग मी सांगावं, म्हणून. तुम्हाला आजार सोसवला नाही, म्हणून मला बाहेर काढलंत, असं मी सगळ्यांना सांगत आले. आजार तुम्ही सोसलात. वर्षभराने रस्ता चुकत चुकत कागद घेऊन आलात, तो माणूस खरं सोसू न शकणारा नव्हता. तुम्ही मला बाहेर काढलंत ते कोपरा कापलेला दिसला म्हणून, की माझ्या आवाजात काय होतं ते ऐकू आलं म्हणून, हे मला आता कधी कळणार नाही.

सांगितलं ते बरोबरच होतं. तसं सांगितलं, ते नाही. तुमच्या नातीला आज मी अर्धंच उत्तर दिलं. ती मराठी बोलते, वाचता येत नाही तिला. तिला हे कळायचं तर मला तोंडानेच सांगावं लागेल, आणि सोमवारच्या तासानंतर ते माझ्याच्याने होईल की नाही, ते मी अजून कुठे लिहून सही केलेलं नाही.